योकोहामा ते ओकायामा: एका जुन्या दोन-सीटरच्या मागावर

शनिवार, रात्री

"दोन सीटची गाडी? आणि आपण माणसं किती आहोत घरात?"

बायकोचा हा प्रश्न बिनतोड होता. आम्ही तिघं आहोत. मी उत्तराच्या भानगडीत पडलो नाही, आणि माझं तोंड बघून तिनेच थोडी ढील दिली. ठरलं ते असं: १५ लाख येन, सगळं धरून. म्हणजे गाडी, नाव बदलणं, तपासणी, पहिल्या वर्षाचा कर, सगळं त्यातच. आणि नोव्हेंबरातली ही रजा आहे तेवढ्यात काय तो सोक्षमोक्ष लावायचा. नंतर रात्ररात्र फोनवर गाड्यांचे फोटो बघत कूस बदलायची नाही.

जपानात मला अकरा वर्षं झाली, त्यातली सात योकोहामात. इथे जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांबद्दल बोलायला लागलं की फिरून फिरून गाडी १९८९ सालावर येते. निस्सानची आर-३२ स्कायलाइन जीटी-आर, झेड-३२ फेअरलेडी, टोयोटाच्या एमआर-टूची दुसरी पिढी आणि माझदाची छोटी रोडस्टर, सगळ्या एकाच वर्षातल्या. देशात पैसा इतका होता की इंजिनिअरांना नाही म्हणायला कुणाला सवड नव्हती, असं मला आपलं वाटतं. माझ्या यादीत ओळीने चार नावं होती: टोयोटाची एई-८६, निस्सानची एस-१३ सिल्व्हिया, मग माझदा रोडस्टर, आणि अगदीच काही जमलं नाही तर ६६० सीसीच्या आतली एखादी चिमुकली 'केई' गाडी. यादी आवडीच्या क्रमाने होती. बजेट तिच्यावरून वरून खाली फिरणार होतं.

पहिला दिवस, रविवार

सकाळी सहाला भाड्याची गाडी घेऊन दाइकोकुला गेलो. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर, वांगान एक्स्प्रेसवेच्या गोल गोल रॅम्पच्या पोटात ही पार्किंगची जागा आहे. एक्स्प्रेसवेवरूनच आत शिरता येतं, त्यामुळे पायी येऊन बघतो म्हटलं तर सोय नाही. रात्री इथे गर्दी आणि आवाज वाढला की पोलीस सरळ जागा बंद करून टाकतात. रविवारच्या सकाळी मात्र पांढऱ्या केसांच्या लोकांचं राज्य असतं. थर्मासमधली कॉफी, हातात फडकं आणि शेजारच्याच्या बॉनेटखाली डोकं.

मी तिथे विकत घ्यायला गेलो नव्हतो, कान तयार करायला गेलो होतो. फोटोत सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. प्रत्यक्षात कुठली सुरू होताना खोकते, कुठली थांबल्यावर तेलाचा ठिपका सोडते, हे फोटोत कळत नाही.

एका नारिंगी एस-३० फेअरलेडीपाशी बराच वेळ रेंगाळलो. लांबलचक नाक, आत दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. ही गाडी १९६९ साली आली आणि अमेरिकेत डॅटसन २४०-झेड म्हणून तुफान खपली. मालक सत्तरीचे असावेत. माझं चकरा मारणं त्यांनी काही वेळ बघून घेतलं आणि मग विचारलं, शोधताय का? मी बजेट सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

"हिचं सोडा," ते म्हणाले. "पण कुठलीही बघायला गेलात तर आधी किरोकुबो मागा. गाडी नंतर बघा."

किरोकुबो म्हणजे देखभालीची वही. जपानात गाडी नवी घेतली की तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी होते. त्या वेळी आणि एरवीच्या सर्व्हिसिंगला काय बघितलं, काय बदललं, किती किलोमीटरला, हे या वहीत लिहिलं जातं. वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी अशी अपेक्षा असते. पण जाते असं नाही. आजोबांनी हातमोज्यांच्या कप्प्यातून स्वतःची वही काढून दाखवली. ती एक वही नव्हती, रबर लावलेल्या चार वह्या होत्या. मी कौतुकाने पानं उलटली आणि त्यांचा सल्ला घरी पोचेपर्यंत बऱ्यापैकी विसरलो.

दुसरा दिवस, सोमवार

राष्ट्रीय महामार्ग १६ टोकियोला दुरून वळसा घालतो. साइतामातल्या त्याच्या पट्ट्यात दुतर्फा जुन्या गाड्यांची दुकानं, रंगीत पताका, काचांवर मोठ्या आकड्यांत किमती. २०२३च्या ऑक्टोबरपासून दुकानदारांना 'शिहाराई सोगाकु', म्हणजे सगळा खर्च धरून होणारी रक्कम, लिहावीच लागते. आधी नुसती गाडीची किंमत लिहायची आणि कागदपत्रांच्या नावाखाली हळूहळू वर चढायचं, असा खेळ सर्रास चाले. बायकोचा 'सगळं धरून' हा नियम जपान सरकारलाही सुचला, ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

पहिल्याच दुकानात एई-८६ होती. पांढरी-काळी ट्रुएनो, उघडझाप करणाऱ्या दिव्यांची. १९८३ ते ८७ या काळातली ही साधी कोरोलाची भावंडं, १.६ लिटरचं ४ए-जीई इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि जेमतेम साडेनऊशे किलो वजन. त्या वेळी तरुण पोरांना परवडावी म्हणूनच ती होती. त्या काळच्या जपानी गाड्यांत ताशी शंभरच्या वर गेलं की डॅशबोर्डमधून किणकिण घंटा वाजायची, आणि पोरं ती मुद्दाम वाजवायची. पुढे घाटरस्त्यांवरच्या शर्यतींची एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, गाजली आणि गाडीचं नशीबच फिरलं. किमतीच्या पाटीवर आकडाच नव्हता. 'चौकशी करावी' असं लिहिलं होतं. चौकशी केली. माझ्या बजेटमध्ये तिचं इंजिन आणि दोन दरवाजे आले असते.

सिल्व्हियाची तऱ्हा निराळी. एस-१३ स्वस्त असायची, म्हणून वळणांवर मुद्दाम घसरवायला घेतली गेली, आणि ज्या उरल्या त्या आता महाग आहेत. त्यात अमेरिकेचा नियम असा की २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी तिकडच्या सुरक्षा नियमांतून सुटते आणि आयात करता येते. नव्वदच्या दशकातल्या गाड्या एकेक करून त्या रेषेपलीकडे गेल्या आणि बोटीत चढल्या. मी बघितलेल्या सिल्व्हियाची मागची चाकं बाहेर फाकलेली होती, आत मागची सीट नव्हती, आणि विक्रेता म्हणत होता, "स्पोर्टी वापर झालाय." मी मान डोलावली. यादीतली वरची दोन नावं दुपारच्या आत गेली.

तिसऱ्या दुकानात मात्र मी फसता फसता राहिलो, त्यामुळे ते जरा सविस्तर सांगतो.

लाल रोडस्टर. १९९१ची, 'एनए' म्हणतात ती पहिली पिढी. जपानात ही गाडी माझदाच्या 'युनोस' या वेगळ्या नावाखाली विकली गेली, त्यामुळे जुनी मंडळी आजही तिला युनोसच म्हणतात. बटण दाबलं की दोन्ही दिवे टुण्णकन उठायचे. रंग असा की त्यात माझा चेहरा दिसत होता. मीटर ७८ हजार किलोमीटर. एकूण किंमत ११ लाख ८० हजार. माझ्या डोक्यात उरलेल्या तीन लाख वीस हजारांची खरेदीसुद्धा सुरू झाली होती.

खिशात फ्रिजवरचं एक लोहचुंबक नेलं होतं, मुलाचं, पेंग्विनच्या आकाराचं. पत्र्यावर पुट्टी भरली असेल तर ते चिकटत नाही, एवढं मला ठाऊक होतं. बॉनेटवर पेंग्विन ठेवला, तो घसरून खाली पडला. दुसरीकडे ठेवला, पुन्हा पडला. मला वाटलं, पकडली चोरी! विजयी मुद्रेने विक्रेत्याकडे पाहिलं. तो अगदी आदबीने म्हणाला, "या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचंच असतं, कंपनीतूनच." वजन कमी ठेवायला केलेली युक्ती ती. मी पेंग्विन उचलला आणि कानाच्या पाळ्या तापलेल्या असताना गाडीच्या बाजूला गेलो.

तिथे मात्र पेंग्विनने काम केलं. दरवाज्याखालचा जो उंबरठ्यासारखा पत्रा असतो, त्याच्यावर पुढून मागे सरकवत गेलो. पुढे घट्ट चिकटत होता. मागच्या चाकाच्या वीतभर आधी त्याची पकड सुटली. वाकून पाहिलं तर लाल रंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढे दोन फुगे आले होते. बोटाने दाबल्यावर रंग किंचित आत गेला.

या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. कापडी टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून खाली, चाकाच्या पुढे बाहेर पडतं. त्या छिद्रांत पानं आणि धूळ बसली की वाट अडते, पाणी उंबरठ्याच्या पोकळ पत्र्यात उतरतं आणि आतून बाहेर गंजत येतं. बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच संपलेलं असतं.

मग आजोबा आठवले. किरोकुबो आहे का? नाही, "आधीच्या मालकाकडून आली नाही." लिलावाचा कागद? जपानात दुकानदारांच्या मोठ्या लिलावात प्रत्येक गाडीला एक तपासणीचा कागद मिळतो: वर दर्जाचा आकडा, खाली गाडीचं रेखाचित्र आणि त्यावर ओरखड्याला ए, पोच्याला यू, दुरुस्त केलेल्या लाटेला डब्ल्यू अशी अक्षरं. सांगाड्यापर्यंत मार बसून दुरुस्ती झाली असेल तर आकड्याच्या जागी आर येतो. तो कागद "शोधून ठेवतो" असं उत्तर आलं. क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं तर ते एका कोपऱ्यात लोखंड दिसेपर्यंत झिजलं होतं. ७८ हजारांत इतकं? असेलही. पण सीटच्या मागे पाण्याची बाटली ओतून बघू का, असं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्या माणसाच्या आवाजातली आदब कमी झाली.

रात्री मेव्हण्याला फोन केला. तो आइचीत, नागोयाच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे.

"दाजी, पैसे दिले का?"

"नाही."

"मग उद्या इकडे या. एकटे कुठे जाऊ नका आता."

तिसरा दिवस, मंगळवार

शिनकान्सेनने नागोया. मेव्हण्याची शिफ्ट दुपारी सुटणार होती, तोवर नागाकुतेच्या टोयोटा ऑटोमोबाइल म्युझियममध्ये जाऊन आलो. फुजिगाओकाहून लिनिमो नावाची बिनचाकाची, चुंबकावर तरंगणारी गाडी जाते तिकडे. २००५च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती सुरू झाली होती. संग्रहालयात मी एकाच गाडीसमोर उभा राहिलो, बाकीच्यांवर अन्याय झाला. टोयोटा २०००-जीटी. यामाहाच्या मदतीने केलेली, १९६७ ते ७० या काळात फक्त ३३७ बनल्या आणि किंमत होती २३ लाख ८० हजार येन. तेवढ्यात त्या काळी दोन साध्या क्राउन आल्या असत्या म्हणतात. काचेमागचं काही नसूनही तिच्याकडे बघताना आवाज आपोआप खाली येतो.

दुपारी मेव्हणा आला आणि त्याने माझी यादी उलटी करून ठेवली.

"तुम्ही गाडी निवडताय दाजी. भाग कुणाचे मिळतात ते आधी निवडा."

त्याचं म्हणणं असं, की जुन्या गाडीत परवडणारी आणि न परवडणारी यांतला फरक दुकानाच्या पाटीवर नसतो, सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये असतो. एका बंद झालेल्या रबराच्या पट्टीसाठी चार महिने गाडी उभी राहते. २०१७ साली माझदाने पहिल्या रोडस्टरची कारखान्यातच डागडुजी करून द्यायची योजना जाहीर केली आणि बंद पडलेले काही भाग पुन्हा काढले. त्यात कापडी टप, नार्दीचं लाकडी स्टिअरिंग आणि अगदी मूळच्या मापाचे, १८५/६० आर-१४ टायरसुद्धा. होंडाने आपल्या 'बीट' गाडीचे काही भाग परत आणले, निस्सानने आर-३२ जीटी-आरचे, आणि पुढे टोयोटाने एई-८६चेही. पण एनए रोडस्टरच चार लाखांहून अधिक बनल्या होत्या, त्यामुळे तिचे बाहेरच्या कंपन्यांचे भागही ढिगाने मिळतात. "ताईला सांगू नका," तो म्हणाला, "पण मी असतो तर तीच घेतली असती."

चौथा दिवस, बुधवार

सकाळी नागोयातली तीन दुकानं करायची होती. पहिल्याचं शटर बंद, दुसऱ्याचंही. गाड्यांची पुष्कळ दुकानं बुधवारी साप्ताहिक सुट्टी घेतात. शनिवार-रविवार त्यांचा धंद्याचा. अकरा वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मेव्हण्याला ठाऊक होतं, पण तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही.

मग बेत बदलून मात्सुमोतो. तिथल्या एका गॅरेजमध्ये सुझुकी कापुचिनो होती आणि मालक बुधवारी भेटायला तयार होता. शिनानो एक्स्प्रेस किसोच्या खोऱ्यातून जाते, दोन तास. पानं गळालेल्या झाडांवर नुसती केशरी पर्सिमन लटकत होती, आणि पुढे अचानक बर्फाचे डोंगर. मेव्हणा खिडकीबाहेर बघून पुटपुटला, "सुंदर आहे. गाडीसाठी वाईट."

कापुचिनो बघताच हसू येतं, इतकी लहान. १९९१ची, ६५७ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ६४ अश्वशक्ती आणि वजन सातशे किलो. टपाचे तीन तुकडे सुटे होतात आणि डिकीत रचून ठेवता येतात. त्यानंतर डिकीत काही मावत नाही, हा भाग वेगळा. केई असल्यामुळे करही कमी: तेरा वर्षांवरच्या केईला वाढीव दराने वर्षाला १२,९०० येन, तर १.६ लिटरच्या जुन्या गाडीला ४५,४००. किंमत साडेसात लाख. आणि वहीही होती! मी मेव्हण्याकडे बघून भुवया उडवल्या.

गॅरेजवाल्याने स्वतःहून गाडी लिफ्टवर चढवली. वर जाताना ती गोड दिसत होती. डोक्याच्या वर गेली आणि आम्ही तिघंही गप्प झालो. या भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात, आणि ते तीस हिवाळे खालून हिच्या अंगावर उडत होतं. तपकिरी पापुद्रे. जॅक लावायच्या जागी गॅरेजवाल्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न देता. कुरकुरीत शेव मोडावी तसा आवाज आला आणि टोक आत गेलं.

"वहीत इंजिनाचं सगळं आहे," तो म्हणाला. "खालचं कुणी लिहीत नाही. तुम्ही योकोहामाहून आलात, न दाखवता देणं बरोबर नव्हतं."

त्याने आम्हाला स्टेशनपर्यंत सोडलं. त्या माणसाकडून काहीतरी विकत घ्यावं असं मला फार वाटत होतं.

पाचवा दिवस, गुरुवार

रात्री मेव्हण्याने दोन तास फोनाफोनी करून ओकायामातला एक पत्ता काढला. ओकायामा स्वतःला 'हारे नो कुनी', म्हणजे स्वच्छ आभाळाचा प्रांत, म्हणवतं. पाऊस कमी, बर्फ नाहीच म्हणा. समुद्राजवळची गाडी नको, एवढं बघायचं. हा पत्ता शहराच्या उत्तरेला शेतांमध्ये होता. कौलारू घर, शेजारी पत्र्याची शेड, साठीचा मेकॅनिक आणि झाकलेल्या दोन गाड्या.

आवरण काढलं तेव्हा मला प्रथम वाईट वाटलं. मरिनर ब्ल्यू रंग, पण डिकीवर तो उन्हाने उडाला होता. पुढच्या बंपरला ओरखडा. मीटर १,३४,००० किलोमीटर. सोमवारच्या लाल गाडीपुढे ही लग्नात आलेल्या लांबच्या मावशीसारखी दिसत होती.

मग त्याने खोका आणला. बुटाचा, आत वह्या, पावत्या, आणि मूळ विक्रीची पावती, १९९१ची. एकच मालक. वय झालं म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स स्वतःहून परत केलं होतं आणि गाडी इथे आणून सोडली होती. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ९६ हजारांवर बदललेले. क्लचचा खालचा सिलिंडर दोनदा. रेडिएटर नवा. टप बदलून मागे प्लास्टिकऐवजी काच बसवलेली, कारण प्लास्टिकची खिडकी काही वर्षांत पिवळी पडून आंधळी होते. आणि दर नोव्हेंबरात, छापील रकान्याच्या बाहेर, पेन्सिलीने एकच ओळ: 'पाण्याची छिद्रं साफ केली.' १९९४पासून. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

मी काही विचारायच्या आत मेकॅनिकने टप मागे दुमडला, घरातून चहाची किटली आणली आणि सीटच्या मागच्या कोपऱ्यात बारीक धारेने पाणी ओतायला लागला. आम्ही दोघं गुडघ्यांवर, मान वाकडी करून मागच्या चाकासमोर बघत बसलो. काही क्षण काहीच नाही. मग टप, टप, आणि पाठोपाठ सरळ धार जमिनीवर. स्वच्छ. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पाण्याबरोबर गिंकोचं एक पिवळं पान बाहेर आलं, यंदाचं असणार. पेंग्विन उंबरठ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून राहिला. मेकॅनिकने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि काही बोलला नाही.

इंजिन थंड होतं, हे त्याने मुद्दाम ठेवलं होतं. सुरू केल्यावर वरून टिकटिक ऐकू आली. मी दचकलो. मेव्हणा म्हणाला, थांबा. तेल वर चढलं आणि अर्ध्या मिनिटात टिकटिक विरली. व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक लिफ्टर गार असताना थोडे बोलतात. विरली नसती तर मात्र बोलणी करावी लागली असती. शाकेनची मुदत अजून होती म्हणून रस्त्यावर नेता आली. मुदत संपलेल्या गाडीला पालिकेतून लाल तिरक्या रेघेची तात्पुरती नंबरची पाटी आणल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि तेवढा उपद्व्याप बहुतेक दुकानदार करत नाहीत.

शेतांमधला सरळ रस्ता, मग कालव्याच्या कडेने वळणं. १.६ लिटर, १२० अश्वशक्ती, ९४० किलो. कागदावर काहीच नाही. आजची साधी कौटुंबिक गाडीही हिला मागे टाकेल. पण गिअरचा दांडा बोटाएवढा हलवला की खट्कन बसतो, आणि आपण मान वळवायच्या आधी नाक वळलेलं असतं. माझदावाले 'जिनबा इत्ताइ' म्हणतात, स्वार आणि घोडा एक. जाहिरातीतले शब्द म्हणून मी ते कधी मनावर घेतले नव्हते. कालव्याच्या तिसऱ्या वळणावर घेतले. ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढत होती, तेही सांगायला हवं. मेकॅनिकने ते माझ्या आधी बोलून दाखवलं आणि डाव्या चाकाच्या ब्रेकचा कॅलिपर खोलून नीट करून देईन म्हणाला.

परत आल्यावर प्रश्न विचारायची पाळी त्याची. गाडी कुठे ठेवणार? वर छप्पर आहे का? झाडाखाली का? आठवड्यातून किती चालवणार? मी नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा उत्तरं देत होतो. छप्पर नाही, झाडही नाही, आवरण घेईन. तो बराच वेळ खोक्याचं झाकण बंद-उघड करत राहिला.

किंमत: १३ लाख ९० हजार, नवं दोन वर्षांचं शाकेन आणि योकोहामाची पाटी धरून. ही गाडी नवी असताना, १९८९ साली, १७ लाखांपासून मिळत होती. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तसा मेव्हण्याने टेबलाखालून पाय मारला. तोच मग हळूच म्हणाला, टायर सहा वर्षांचे दिसतात. मेकॅनिकने टायरवरची तारीख वाचली, मान हलवली, आणि चार नवे टायर त्याच किमतीत आले. अशा ठिकाणी आकडा कमी करा म्हणण्यापेक्षा हे बरं असतं. वजन एक टनाच्या आत असल्याने अठरा वर्षांवरच्या गाडीचा चढा वजनकर लागूनही तो दोन वर्षांचा २५,२०० येनच होता. ४५,४००चा वार्षिक कर एक एप्रिलला ज्याचं नाव त्याला. तो धरूनही आकडा बायकोच्या रेषेच्या आत राहिला.

चावी मिळाली नाही. इथे पैसे देऊन गाडी घेऊन निघालो असं होत नाही. आधी जागेचा दाखला, मग सहीच्या जागी चालणाऱ्या माझ्या नोंदवलेल्या शिक्क्याचं प्रमाणपत्र, शिक्का मारलेलं अधिकारपत्र, मग नाव, मग पाटी. तीन आठवडे. ओकायामा स्टेशनवर मेव्हण्याने पीचचा रस घेतला आणि मी शिनकान्सेनमध्ये त्या वह्यांचे फोनवर काढलेले फोटो शिन-योकोहामापर्यंत वाचत बसलो. १९९८च्या पानावर 'डाव्या दिव्याची मोटर आळशी' असं लिहिलं होतं.

सहावा दिवस, शुक्रवार

जागेचा दाखला पोलीस ठाण्यातून मिळतो. गाडी ठेवायची जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी, जागामालकाची संमती हवी, आणि हाताने काढलेला नकाशा हवा. सकाळी पार्किंगमध्ये मी टेपचं एक टोक धरलं, दुसरं बायकोने. पाच मीटर लांब, अडीच रुंद. गाडी ३.९७ मीटर.

"बरीच जागा उरते की," ती म्हणाली. "तिसरी सीट बसली असती."

नकाशात मी घर काढलं, पार्किंग काढलं, कोपऱ्यावरचं टपाल कार्यालय काढलं, जागेला बाण लावले, मापं लिहिली. शिक्का मारला, माझं आडनाव काताकाना लिपीत आठ अक्षरांचं होतं आणि ते शिक्क्याच्या गोलात दोन ओळींत दाटीवाटीने बसतं. खिडकीवरच्या बाईंनी कागद दोनदा वाचला, पेन्सिलीचं टोक नकाशावर ठेवलं आणि विचारलं, पार्किंगसमोरच्या रस्त्याची रुंदी?

ती राहिली होती. संध्याकाळी ऑफिसवाले परतायच्या वेळी मी रस्त्यात टेप पसरून उकिडवा बसलो. एक सायकलवाला थांबला, वाट बघितली, आणि टेपवरून चाक उचलून पलीकडे नेलं. ४.२ मीटर.